चालेल म्हटलेला एक स्कॅन

परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर मी एकतीस वर्षं नोकरी केली. आधी एक्स-रे, मग सीटी आणि शेवटची अठरा वर्षं एमआरआय. गेल्या वर्षी निवृत्त झाले. संपादकांनी कामाबद्दल लिहा म्हणून सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. गमतीचे किस्से माझ्याकडे पोत्याने आहेत, ते लिहून पानं भरली असती. पण लिहायला बसलं की गिरगावातली एकच बाई डोळ्यांसमोर येते. तिला वगळून लिहिलं तर ते अर्धंच होईल. म्हणून शेवटी तिच्यापाशी येणारच आहे. आधी काम काय होतं ते सांगते.

लोक आम्हाला सिस्टर म्हणतात, नाहीतर डॉक्टर म्हणतात. आम्ही दोन्ही नाही, आम्ही टेक्निशियन. पेशंटच्या अंगावरचा सगळा धातू काढून घ्यायचा, त्याला टेबलावर निजवायचं, डोक्यावर पिंजऱ्यासारखी कॉइल बसवायची, घाबरलात तर दाबा म्हणून हातात रबरी फुगा द्यायचा आणि त्याला बोगद्यात सरकवून आपण काचेच्या पलीकडे जाऊन बसायचं. आत हातोडे मारल्यासारखा आवाज चालू असतो. त्या आवाजात पेशंटने दगडासारखं पडून राहायचं आणि आम्ही चित्रं काढायची. चित्रं वाचायची ती डॉक्टरांनी. आम्हाला वाचता आली तरी बोलायचं नाही, हा पहिला नियम.

वर्षानुवर्षं मेंदू बघितल्यावर काही दिसायचं राहत नाही. टेबलावरून उतरताना प्रत्येक जण विचारतो, काय दिसलं हो? आणि आम्ही म्हणतो, रिपोर्ट डॉक्टर देतील. हे म्हणताना चेहरा कसा ठेवायचा तेही शिकावं लागतं. फार हसलं तर माणूस खूश होऊन घरी जातो, फार गंभीर दिसलं तर तिथेच मटकन बसतो.

शीव कोळीवाड्याच्या एका आजींच्या हातातल्या पाटल्या चाळीस वर्षांत निघालेल्या नव्हत्या. साबण झाला, खोबरेल झालं, शेवटी त्यांच्या सुनेने हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून त्यावरून त्या सरकवल्या. आजींनी पाटल्या माझ्या हातात दिल्या आणि आपण बाहेर येईपर्यंत मी खुर्चीवरून उठायचं नाही असं बजावलं. आत त्या इतक्या स्थिर पडल्या की तसा पेशंट मला पुन्हा मिळाला नाही. एक हवालदार खिशात काहीच नाही म्हणून शपथेवर सांगत होते, आणि दारातून पाऊल आत पडतंय तोच त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा खिशातून उडून यंत्राला जाऊन चिकटला. चौकीत सांगू नका, एवढंच ते म्हणाले.

आता ज्या तपासणीबद्दल लिहायचंय तिचं नाव डिफ्युजन. ती आमच्याकडे आली तेव्हा मला या कामात बरीच वर्षं झाली होती, तरी नव्याने शिकावी लागली. मेंदूचा वरचा थर करडा असतो, आतला भाग पांढरा. पांढऱ्या भागात तंतूंच्या जुड्या असतात, मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला नेणाऱ्या. साध्या एमआरआयमध्ये हा भाग बहुतेक एकसारखा दिसतो, कुठली जुडी कुठे चालली आहे ते कळत नाही. डिफ्युजनमध्ये तिथल्या पाण्याची हालचाल मोजतात. अंगण झाडायचा खराटा पाण्यात बुडवला तर काड्यांच्या लांबीने पाणी सहज सरकतं, आडवं जाताना काड्यांना अडतं. तंतूंचंही तसंच. वेगवेगळ्या दिशांनी मोजत गेलं की पाणी कुठे मोकळं सरकतंय ते समजतं आणि त्यावरून कॉम्प्युटर तंतूंचा नकाशा रंगांत काढून देतो. डावीकडून उजवीकडे जाणारे लाल, पुढून मागे जाणारे हिरवे, वरून खाली उतरणारे निळे. पहिल्यांदा तो नकाशा पडद्यावर उमटला त्या दुपारी मी डबा खायला विसरले होते.

मेंदूत गाठ असली की या नकाशाचा खरा उपयोग. काही गाठी तंतूंना नुसत्या बाजूला ढकलतात. तिथे रंगाची वाट वाकते, पण रंग चांगला राहतो. काही गाठी तंतूंच्या आत शिरतात, वाळवीसारख्या पोखरत त्यांच्याच वाटेने पुढे सरकतात. साध्या चित्रात गाठीची कड संपलेली दिसते त्याच्याही पुढे त्या गेलेल्या असतात. तिथे रंग फिका, मळकट होतो. पण नुसत्या सुजेनेही रंग फिका पडतो, त्यामुळे छातीठोकपणे काही सांगता येत नाही. सर्जनना मात्र छातीठोकच हवं असतं. कुठवर कापू आणि कुठे हात लावू नको, हा त्यांचा प्रश्न.

लालबागला मसाला कुटून देणारे दत्ताराम आमच्याच गल्लीतले. माझे वडील गिरणीत होते तेव्हापासून आमच्या घरचा मसाला त्यांच्याकडे. त्यांचा उजवा पाय लुळा पडत चालला म्हणून ते आले, तर डोक्यात डावीकडे लिंबाएवढी गाठ. बाकी वेळी ते माझ्याशी नीट मुंबईचं मराठी बोलायचे, त्या दिवशी घाबरून मालवणीवर आले. "रंजना, माझो पाय माका परत गावतलो काय?" मी ठरलेलं उत्तर दिलं. पण डिफ्युजनमध्ये पायाकडे उतरणारी निळी जुडी गाठीच्या कडेने वाकून, सबंध, खाली गेलेली मला स्पष्ट दिसत होती. सर्जननी ती वाट सोडून गाठ काढली, गाठ साधी निघाली, आणि पुढच्या उन्हाळ्यात दत्ताराम दुकानात उभे होते. त्या एका नकाशाचा मला फार अभिमान वाटला. इतका, की पुढचे काही महिने हा नकाशा चुकतच नाही असं मी मानत होते. तो चुकायला फार काही लागत नाही. तपासणी चालू असताना माणूस जरा हलला की पुरे.

शैलजाताई आल्या त्या दिवशी आमच्याकडे यंत्र एकच चालू होतं, दुसरं दुरुस्तीला. त्यांचं वय सेहेचाळीस. फोर्टमधल्या एका कोर्टात त्या दुभाषी होत्या. साक्षीदार मराठीत, हिंदीत किंवा गुजरातीत बोलणार, त्यांनी ते न्यायाधीशांना इंग्रजीत सांगायचं. बावीस वर्षं हेच काम. मी हातात सुई लावत असताना त्यांनी स्वतःहून सगळं सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी एक बाई साक्ष देत होती. धाकट्या दिराने मारलं, असं ती म्हणाली. शैलजाताईंना सगळं समजलं होतं, तो माणूस कोण, त्याचं बाईशी नातं काय, सगळं. पण तोंडातून गेलं, नवऱ्याने मारलं. वकील उठले, न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं, आणि त्या पुन्हा नवराच म्हणाल्या. त्यांच्या कामात पदरचा एक शब्द घालायचा नसतो आणि साक्षीतला एक गाळायचा नसतो. इथे त्यांनी माणूसच बदलला होता.

त्यांचे यजमान मुकुंदराव विमा कंपनीत कारकून. ते बाहेरच्या बाकावर पाण्याची बाटली आणि फाइल मांडीवर घेऊन बसले होते. दोघांना मूलबाळ नाही. आत जाताना शैलजाताईंनी मंगळसूत्र त्यांच्याकडे दिलं, त्यांनी ते रुमालात बांधून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवलं.

साध्या चित्रांत गाठ लगेच दिसली. डावीकडे, कानाच्या वर आतल्या अंगाला. ऐकायचा भाग आणि बोलायचा भाग यांना जोडणारी तंतूंची एक कमान तिथून जाते, तिच्या अगदी शेजारी. इंजेक्शननंतरची चित्रं झाली, मग डिफ्युजन सुरू केलं. ते नऊ मिनिटांचं होतं. सात मिनिटं उत्तम गेली. आठव्या मिनिटापासून चित्रं थरथरायला लागली. मी माइकवर म्हटलं, हलू नका. क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. तेवढ्यात अतिदक्षता विभागातून फोन आला. व्हेंटिलेटरवरचा एक पेशंट लिफ्टने निघाला होता, भुलीचे डॉक्टर बरोबर होते, टेबल ताबडतोब रिकामं हवं होतं.

मी टेबल बाहेर घेतलं. शैलजाताई उठून बसल्या आणि ओशाळून म्हणाल्या, "माफ करा, मी आत नाती म्हणत होते. दीर, जाऊ, नणंद, साडू, विहीण. कुठलं कुठलं येतंय ते बघत होते." मोठ्याने म्हणत होत्या, म्हणून जबडा हलत होता आणि जबड्याबरोबर डोकं. मी विचारलं, आली का सगळी? एक राहिलं, असं त्या म्हणाल्या. कुठलं ते त्यांना सांगता येईना, कारण तेच आठवत नव्हतं.

संध्याकाळी मी नकाशा काढला. कॉम्प्युटर हललेली चित्रं थोडीफार सरळ करतो, जी होत नाहीत ती टाकून देतो. त्यांची शेवटची बरीचशी टाकावी लागली. कमानीचा पुढचा भाग छान आला होता, हिरवा, गाठीच्या बाजूने वाकलेला. मागचा भाग मात्र वाळू सांडल्यासारखा दाणेदार. आमच्या रेडिओलॉजिस्ट डॉ. पाध्ये माझ्याहून वयाने लहान, हुशार आणि कामाला वाघ. त्यांनी ते लगेच ओळखलं. पेशंट हलली होती का, असं त्यांनी विचारलं.

"शेवटी शेवटी थोडी हलली," मी म्हटलं.

"पुन्हा घ्यायचा का?"

"चालेल मॅडम. बरंच सरळ झालंय."

हा शब्द मी म्हटला. शैलजाताई गिरगावात राहत होत्या, दुसऱ्या दिवशी बोलावलं असतं तर अर्ध्या तासात आल्या असत्या. पण दुसऱ्या दिवसाची यादी आधीच भरून वाहत होती. आणखी एक नाव घुसवायचं तर मला चार जणांशी भांडावं लागलं असतं, आणि मी दमले होते. मॅडमचा माझ्यावर विश्वास होता. इतक्या वर्षांत तो मी कमावलेला होता आणि त्या संध्याकाळी मी तो वापरला. रिपोर्टमध्ये आलं की तंतू गाठीमुळे सरकलेले आहेत, गाठ त्यांच्यात शिरल्याची ठोस खूण नाही. खाली एक ओळ होती की पेशंटच्या हालचालीमुळे मागच्या भागाबद्दल मर्यादा आहेत. अशी ओळ शेकडो रिपोर्टांत असते. ती वाचून कोणी थांबत नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. बोलणं शाबूत राहिलं. गाठ मात्र वाईट जातीची निघाली, पुन्हा येणारी. पुढे रेडिएशन. ऑपरेशननंतरच्या स्कॅनमध्ये त्या जागी रक्त आणि सूज असते, रंग नीट वाचता येत नाहीत, म्हणून रेडिएशनची आखणी करताना आधीचा नकाशाही बघतात. म्हणजे माझा. गाठीच्या भोवती थोडी जागा जास्त धरतात, ती सगळीकडे सारखी धरली गेली. मागे वाढवावी असं कोणाला वाटायचं कारण नव्हतं.

त्यानंतर त्या एकदा आमच्या विभागात नुसत्या भेटायला आल्या होत्या. डोक्याला ओढणी बांधलेली, चेहरा औषधांनी सुजलेला. कोर्टात त्यांना साक्षीऐवजी कागदपत्रांचं भाषांतर दिलं होतं. कागद थांबतो, साक्षीदार थांबत नाही, असं म्हणून त्या हसल्या. ते राहिलेलं नातं सापडलं का, असं मी विचारलं. भावजय, असं त्या म्हणाल्या. रेडिएशनच्या रांगेत बसलेल्या असताना आपोआप आठवलं होतं.

ऑपरेशननंतर सात महिन्यांनी त्यांचं नाव पुन्हा आमच्या यादीत आलं. या वेळी मुकुंदराव त्यांचा हात धरून आत घेऊन आले. मला बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं की हिला सगळं समजतं, फक्त ऐकलेलं परत म्हणता येत नाही. डॉक्टरांनी एक साधं वाक्य उच्चारून मागोमाग म्हणायला सांगितलं, तर अर्थ बरोबर सांगितला, पण वाक्य म्हणता येईना. शब्द अर्ध्यात तुटायचे, भलतेच व्हायचे. ऐकलेलं जसंच्या तसं पुढे नेणं, दुभाष्याचं काम एवढंच असतं. तेवढंच गेलं होतं.

निजवताना मी नेहमीप्रमाणे सूचना दिल्या. हलायचं नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि स्वतःचे ओठ दोन बोटांनी मिटून धरून दाखवले. पहिली वेळ त्यांना आठवत होती. नऊ मिनिटं त्या जराही हलल्या नाहीत.

नकाशा स्वच्छ आला. मागचा भाग आता दाणेदार नव्हता. तिथे हिरवं जवळजवळ काही उरलं नव्हतं. कमान मागून पोखरली गेली होती, आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंना जोडणारा जो जाड लाल पूल असतो तोही डावीकडून फिका पडत उजवीकडे निघाला होता. असा पूल दिसला की समजायचं, गाठ दुसऱ्या बाजूला चालली आहे.

टेबलावरून उतरल्यावर शैलजाताईंनी माझा दंड धरला. त्यांना काय विचारायचं होतं ते जुळवायला वेळ लागला. मुकुंदराव मदत करायला गेले तर त्यांनी मान हलवून त्यांना थांबवलं.

"तेव्हा... पहिल्या... हे होतं?"

मी म्हटलं, "रिपोर्ट डॉक्टर देतील."

त्यांनी दंड सोडला. माणसांची बोलणी पारखण्यात ज्या बाईची बावीस वर्षं गेली तिला हे उत्तर काय आहे ते कळलं नसेल असं मी कशी समजू?

त्या गेल्यावर मी जुना स्कॅन उघडला. दाणेदार भागातून पुसटशी फिकट रेघ मागे जाताना दिसत होती. होती, की आता माहीत असल्यामुळे दिसत होती, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही. डॉ. पाध्येंना बोलावून दाखवलं. त्यांनी बराच वेळ पडदा बघितला. मग त्या म्हणाल्या की कदाचित होतं. पुन्हा घेतला असता तर कदाचित दिसलं असतं. सर्जननी तिथे तरीही सुरी लावली नसती, लावली असती तर वाचा गेली असती. रेडिएशन थोडं मागे वाढवलं असतं. त्याने काय झालं असतं, असं मी विचारलं.

"थोडे महिने मिळाले असते. किंवा काहीच नाही. अशी गाठ कोणाला सोडत नाही, रंजनाताई. आणि रिपोर्टवर सही माझी आहे."

त्यांनी ते मला हलकं वाटावं म्हणून म्हटलं, हे मला कळत होतं. सही त्यांची होती, शब्द माझा होता.

विभागप्रमुखांना मी जे घडलं ते लेखी दिलं. त्यांनी वाचलं, हालचालीबद्दल रिपोर्टमध्ये लिहिलेलं आहेच असं दाखवून दिलं आणि कागद फाइलला लावला. त्या दिवसापासून हललेला डिफ्युजन स्कॅन मी पुढे जाऊ दिला नाही. पेशंट कुरकुरायचे, वॉर्डातून फोनवर फोन यायचे, बरोबरची तरुण टेक्निशियन मंडळी पाठीमागे मला हेडमास्तरीण म्हणायची. पुन्हा घेतलेल्या बहुतेक स्कॅनमध्ये नवीन काही निघायचं नाही. तरी मी घेत राहिले. त्याने शैलजाताईंचं काही होणार नव्हतं.

दीड महिना मी असा काढला. मग एका रविवारी गिरगावात गेले. पत्ता फॉर्मवरून घेतला होता, तो तसा वापरणं नियमाला धरून नव्हतं. त्यांची वाडीतली चाळ पाडून तिथे नवी इमारत झाली होती. त्यांचं घर अकराव्या मजल्यावर. मुकुंदरावांनी दार उघडलं आणि मला बघून त्यांना वाटलं की हॉस्पिटलातून काही निरोप आहे. मी नाही म्हटलं, दोघांशी बोलायचंय म्हटलं.

शैलजाताई खिडकीपाशी पलंगावर उशांना टेकून बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर पडलेला. मला त्यांनी ओळखलं. मुकुंदरावांनी पाणी आणलं, मी ते घेतलं नाही, कारण घेतलं असतं तर बोलणं लांबलं असतं. मी सरळ सांगितलं. पहिल्या स्कॅनमध्ये शेवटची चित्रं हलली होती. मागचा भाग नीट आला नव्हता. डॉक्टरांनी मला पुन्हा घ्यायचा का असं विचारलं होतं आणि मी चालेल म्हटलं होतं. गाठ तेव्हाच मागे शिरलेली असेल, नसेलही. दिसली असती तर रेडिएशन थोडं वेगळं झालं असतं.

मुकुंदराव उभेच होते. त्यांनी विचारलं, "म्हणजे ही वाचली असती?"

"नाही. वाचल्या नसत्या असं डॉक्टर म्हणतात. थोडे दिवस जास्त मिळाले असते कदाचित."

"किती?"

"माहीत नाही."

ते खुर्चीवर बसले. हातातला पाण्याचा पेला त्यांनी जमिनीवर ठेवला. आता हे मला सांगून तुम्ही काय मिळवलंत, असं ते हळू आवाजात म्हणाले, चिडून नाही, खरोखर विचारत असल्यासारखं. येताना मला वाटत होतं की मी त्यांचं देणं द्यायला चालले आहे. तिथे बसल्यावर कळलं की माझ्या डोक्यावरचं उचलून मी या माणसाच्या डोक्यावर ठेवलं होतं. त्याला आता उरलेले दिवस मोजताना गेलेलेही मोजावे लागणार होते.

शैलजाताई माझ्याकडेच बघत होत्या. डावा हात उचलून त्यांनी स्वतःच्या छातीवर ठेवला.

"हलले... मी."

"हो, हललात. पण पुन्हा घेणं माझं काम होतं. मी घेतलं नाही."

त्यांनी माझं वाक्य परत म्हणायचा प्रयत्न केला. ओठ हलले, "पुन्हा" पर्यंत आलं, मग काहीतरी तिसराच आवाज निघाला आणि त्या थांबल्या. मुकुंदराव उठायला लागले, शैलजाताईंनी त्यांना हातानेच बसवलं. डोळे मिटून त्या बराच वेळ शोधत राहिल्या. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तेवढाच आवाज. मग त्यांनी डोळे उघडले आणि एकेक शब्द वेगळा ठेवावा तसं म्हणाल्या, "आता... नोंद... झाली."

मला अर्थ लागला नाही. मी मान हलवली. त्यांनी पापण्या मिटल्या आणि उशीवर डोकं टेकलं. थोडा वेळ बसून मी निघाले.

मुकुंदराव लिफ्टने माझ्याबरोबर खाली आले. अकरा मजले आम्ही एकमेकांकडे न बघता उतरलो. फाटकापाशी ते थांबले. साक्ष संपली की ती लिहून काढतात, साक्षीदाराला वाचून दाखवतात, असं त्यांनी सांगितलं. खेड्यापाड्यांतून आलेल्या बायका पिंजऱ्यात उभ्याच राहतात, आता काय करायचं ते त्यांना कळत नाही. त्यांना शैलजा हळूच सांगायची, नोंद झाली, आता तुम्ही घरी जा. हे तिचं पदरचं वाक्य होतं, कोर्टाचं नव्हे.

ते रस्त्याकडे बघत होते.

"तिने तुम्हाला जायला सांगितलं," ते म्हणाले. "माझं अजून काही ठरलेलं नाही."

मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी केला नाही. त्यात त्यांची काही चूक नव्हती.

पुढच्या महिन्यात शैलजाताईंच्या स्कॅनची तारीख होती. त्या सकाळी यादी उघडली तर त्यांचं नाव आडवी रेघ मारून खाली गेलेलं. तारीख रद्द केली की आमचा कॉम्प्युटर कारण विचारतो, ते भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. कारणाच्या रकान्यात काउंटरवरच्या मुलीने एकच शब्द टाकला होता, मृत्यू, आणि त्याखाली फोन करून कळवणाऱ्याचं नाव, मुकुंदराव. त्यांनी कळवलं ते हॉस्पिटलला. मला नाही. त्यानंतर दोन वर्षं मी तिथे होते. त्यांचा फोन आला नाही, आणि गिरगावात परत जायचा मला हक्क आहे असं मला कधी वाटलं नाही.